नऊ इंच

माझ्या घराचा खरा नकाशा मी कात्रीने केला. त्याआधी मुलाने एका नकाशावाल्याकडून चकचकीत कागद करून आणला होता. वरचा अख्खा मजला त्याच्या संसाराचा. खाली बैठकीचा हॉल, स्वयंपाकघर, माझी खोली, आणि हॉल व माझी खोली यांच्या मधोमध एक चौकोन. त्या चौकोनात सुबक अक्षरांत लिहिले होते, ‘सामान’.

“आणि तुझी बहीण?” मी विचारले.

“ताई आत्ताही हॉलमध्येच झोपते की,” तो म्हणाला. “आणि ती काय कायमची राहणार आहे? उद्या तिचं काहीतरी मार्गी लागेल.”

“ती बेचाळीस वर्षांची आहे. जे लागायचं ते लागलंय. तिला खोली हवी.”

“तिने मागितली का?”

“मी न मागता तुला किती गोष्टी दिल्या, त्यांची यादी आता वाचू का?”

त्याने कागदाची घडी घातली. मी तो घडी घातलेलाच परत नेऊन द्यायला सांगितले.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी चाळीस वर्षे कपडे बेतले. आमच्या दुकानात शिवणारे हात अनेक होते, पण कापडाला कात्री लावायचा अधिकार एकटीचा, माझा. त्यामुळे सारे मला मास्तर म्हणतात आणि मलाही दुसरे काही म्हटलेले आवडत नाही. घर बांधायची जमीन माझ्या नावावर आहे. पती हयात असतानाही ती माझ्याच नावावर होती, आणि त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. किंवा असली तरी ती माझ्या कानावर आली नाही.

मुलगी थोरली. अठरा वर्षांचा संसार मागे टाकून ती दीड वर्षापूर्वी परत आली, तेव्हा तिच्याजवळ दोन पिशव्या होत्या आणि पुस्तकांची चौदा खोकी. का आलीस, असे मी विचारले नाही. तिने आठवडाभरात ग्रंथालयात नोकरी मिळवली आणि आमच्या भाड्याच्या घरात हॉलमधल्या जमिनीवर गादी टाकली. रोज सकाळी आम्ही उठण्यापूर्वी ती गादी गुंडाळून कपाटामागे सरकवीत असे. चादर, उशी, केसांची पिन, काहीही मागे उरत नसे. ही बाई स्वतःलाच रोज घडी घालून कपाटामागे ठेवते आहे, असे मला वाटे.

एक गोष्ट मला लपवायची नाही. तिचे लग्न झाले त्यानंतर आठव्या दिवशी तिची खाट मी माळ्यावर चढवली आणि त्या जागी शिवणयंत्र मांडले. जागेची अडचण होती, हे खरे. पण आठ दिवस! कापडाचे उरलेले तुकडेसुद्धा मी यापेक्षा जास्त दिवस सांभाळून ठेवीत असे.

तर मी खाकी कागद पसरला, एका फुटाला एक इंच धरून खोल्या बेतल्या आणि कापल्या. मग खाट, टेबल, पुस्तकांची कपाटे, सारे लहान लहान तुकड्यांनी कापून आत मांडले. ‘सामान’ लिहिलेल्या जागी मुलीची खोली. तिच्यात एका भिंतीला खिडकी, दुसरीला दार, तिसरीला पुस्तके. चौथ्या भिंतीशी खाट आणि टेबल एका रांगेत. खाट साडेसहा फूट, टेबल तीन फूट. खोली दहा फूट रुंद, म्हणजे वर सहा इंच मोकळे. बारा खोल्यांचा बंगला बेतला नव्हता मी. पण जे बेतले ते नेमके होते. नकाशावाल्याने मुकाट्याने तो कागद समोर ठेवून मंजुरीसाठी आपली प्रत काढली. खांब आणि तुळया त्याच्या, खोल्यांची मापे माझी. ठेकेदाराला आणि मिस्त्रीला मी ती स्वतः तोंडी सांगितली, एकदाच, स्पष्ट आवाजात.

काम सुरू झाले. मी रोज नऊच्या ठोक्याला छत्री आणि घडीची खुर्ची घेऊन तिथे हजर होत असे. पाया खणला गेला, खांब उभे राहिले, जोते भरले. ठेकेदार मला दुरून पाहिले की मजुरांना म्हणे, “खुर्ची आली रे! विड्या विझवा.” तो मला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणे आणि मी ऐकले नाही अशा बेताने बसे. मिस्त्री मात्र काही बोलत नसे. पन्नाशीपुढचा, काटकुळा, कमी शब्दांचा माणूस. ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटायचा आणि वीट अशी ठेवायचा की दुसऱ्यांदा हात लावावा लागत नसे. असा हात मला कळतो.

इकडे सूनबाईने हॉलसाठी सोफा पसंत केला. कोपऱ्यात वळणारा, सात माणसांचा, मोरपंखी रंगाचा. दुकानातून तिने मला त्याचे फोटो पाठवले, सर्व बाजूंनी, एखाद्या स्थळाचे पाठवावेत तसे.

भिंती कमरेपर्यंत आल्या, त्या बुधवारी मी पर्समधली टेप काढली आणि मुलीच्या खोलीत शिरले. एका टोकाला विटेचा तुकडा ठेवून टेप ताणली. वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

“मिस्त्री, थापी ठेवा आणि इकडे या.”

तो आला.

“ही खोली किती रुंद?”

“दहा फूट.”

“धरा हे टोक. वाचा.”

त्याने वाचले. “नऊ फूट तीन इंच.”

“माझे नऊ इंच कुठे गेले? वाळूत कालवलेत की ठेकेदाराने घरी नेले?”

मजूर हसले. मिस्त्री हसला नाही आणि घाबरलाही नाही. “मास्तर, ते नऊ इंच भिंतीत आहेत.”

“भिंतीत?”

“आम्ही दोरी भिंतीच्या मध्यावर बांधतो. या भिंतीच्या मध्यापासून त्या भिंतीच्या मध्यापर्यंत मोजा, दहा भरतील. भिंत नऊ इंचांची. अर्धी इकडून आत येते, अर्धी तिकडून. साडेचार आणि साडेचार.”

“मी खोली सांगितली होती. खोली म्हणजे आतली मोकळी जागा.”

“तुम्ही आकडा सांगितला होतात. आतला की मध्यावरचा, ते तुम्ही बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही.”

“का नाही विचारलंत?”

त्याने हातावरचा सिमेंटचा माल झटकला. “ठेकेदार म्हणाले होते, एकदा विचारून ये. मी म्हटलं, मास्तरांना कोण विचारणार? दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणतील, पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कान कुठे होते.”

मी हेच म्हणाले असते, अगदी याच शब्दांत.

अंगाचे माप वेगळे आणि कापडाचे वेगळे. शिवणीची जागा धरून बोलतोस की सोडून, ते आधी सांग आणि मगच आकडा उच्चार. हे मी दुकानातल्या प्रत्येक नव्या हाताला पहिल्या दिवशी शिकवले. न सांगता आकडा फेकणाऱ्यांना मी सर्वांदेखत उभे केले आहे. आणि आता माझ्या स्वतःच्या घरात मी आकडा फेकला होता, आणि माझ्या धाकापायी तो कोणी उलटून तपासला नव्हता. प्रत्येक खोली नऊ इंचांनी कमी झाली होती. बाकीच्यांचे काही बिघडत नव्हते. पण साडेनऊ फुटांचे सामान सव्वानऊ फुटांत मावत नाही.

“आणि गिलाव्यात अजून एक इंच जाईल,” मिस्त्री म्हणाला. त्याने लपवले नाही, हे मी लक्षात ठेवले.

संध्याकाळी मी सर्वांना तिथेच बोलावले. भिंती कमरेएवढ्या असल्याने गंमत अशी झाली की मुलगा आणि सूनबाई हॉलमध्ये, ठेकेदार आणि मिस्त्री स्वयंपाकघरात, मी माझ्या खोलीत, आणि तरी सगळे एकमेकांना दिसत होते. मुलगी ग्रंथालयातून थेट आली आणि स्वतःच्या खोलीत न शिरता बाहेर जोत्यावरच उभी राहिली.

मी काय झाले ते सांगितले. मुलाचा चेहरा चक्क खुलला.

“मग सोपं आहे की! ही मधली भिंतच काढून टाकू. हॉल ऐसपैस होईल. ताईसाठी हॉलमध्येच छानपैकी दिवाण करून घेऊ, खाली कप्पे असलेला.”

“मी दिवाण मागितला का तुझ्याकडे?”

“बरं, मग खोली ठेव. टेबल छोटं घेऊ.”

“सोफा छोटा घे.”

सूनबाई दचकली. “आई, सोफ्याची ऑर्डर गेली! रंगसुद्धा ठरला.”

“रंग तोच ठेव. लांबी कमी कर.”

“कोपऱ्याचा सोफा कमी कसा होणार? मग कोपरा कुठे जाणार?”

“तुझा कोपरा जाईल तिथे जाईल. मी ही भिंत हॉलच्या बाजूला दहा इंच सरकवणार आहे.”

ठेकेदाराने स्वयंपाकघरातून मान वर केली. “मास्तर, दहा इंचांसाठी उभी भिंत कोणी पाडतं का? गिलावा झाला, रंग लागला की कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“टेबलाला कळेल.”

“आई, या घरात मला काही बोलायचा अधिकार आहे की नाही?” मुलगा म्हणाला.

“आहे. वरच्या मजल्यावर.”

त्यावर सूनबाईलाही हसू आले आणि तिने ते पदराआड दाबले. पण मुलाचा आवाज बदलला. “ताई अठरा वर्षं तिकडे होती. इथे तुझ्यापाशी कोण होतं? तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन, दुकान बंद केलं ते दिवस, बाबांचं आजारपण… कोण होतं?”

हा प्रश्न खोटा नव्हता. मी त्याला झिडकारले नाही.

“तू होतास. म्हणून वरचा मजला सगळा तुझा. तिथे मी टेप घेऊन आले का कधी? पण जो राहिला त्याला मजला आणि जी गेली तिला कपाटामागे गादी, असं माप मी आजवर चालवलं. तिची खाट माळ्यावर मीच टाकली, तू नाही. आता ते माप बंद.”

“आई, पुरे.” मुलगी पहिल्यांदाच बोलली. “मी ग्रंथालयाजवळ एक खोली बघून ठेवली आहे. भाड्याची. शनिवारी घरमालकिणीला कळवायचं आहे. माझ्यासाठी कोणी भिंती पाडू नका. मला उपकारात राहायचं नाही.”

हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते याचाही राग आला, आणि तो गिळायला मला थोडा वेळ लागला. ती गेली असती. न भांडता, एकही पिन मागे न ठेवता, पुन्हा गेली असती; आणि या वेळी मी तिच्या जागी काय मांडले असते?

“उपकार?” मी म्हणाले. “कोण करतंय तुझ्यावर उपकार? सगळ्यांनी नीट ऐका, कारण हे वाक्य मी पुन्हा म्हणणार नाही. चूक माझी आहे. मिस्त्रींची नाही, ठेकेदाराची नाही. मी माप सांगितलं आणि कशाचं माप ते सांगितलं नाही. मी बेतलेला कपडा तंग झाला तर मी तो उसवून परत शिवते. गिऱ्हाइकाला बारीक हो म्हणत नाही.”

मुलाने ठेकेदाराकडे पाहिले, ठेकेदाराने आकाशाकडे.

“आई,” मुलगा हळूच म्हणाला, “तुला बरं वाटतंय ना?”

“अगदी ठणठणीत आहे. उद्या नऊ वाजता भिंत उतरेल. आणि तू,” मी जोत्याकडे वळले, “घरमालकिणीला शनिवारी कळवायचं आहे ना? मग शनिवारी कळव. शुक्रवारी नको.”

गुरुवारी ठेकेदार आलाच नाही. त्याने निरोप पाठवला की मुलाचा फोन आल्याशिवाय माणसांनी भिंतीला हात लावायचा नाही. मी खुर्ची उघडली नाही. उभ्याउभ्याच मिस्त्रीला विचारले, “भिंत कोणाच्या हातची?”

“माझ्या.”

“जमीन कोणाची?”

“तुमची.”

“मग ठेकेदाराला आपल्या दोघांत काय काम?”

त्याने भिंतीच्या वरच्या थरावरून हात फिरवला. “मास्तर, वाकडी असती तर खुशाल पाडली असती. सरळ भिंत पाडायला हात जड होतो.”

“तुमचं काम चोख आहे. चूक तुमची नाही, हे मी चारचौघांत सांगितलंय आणि परत सांगेन.”

“ते ऐकलं मी.” त्याने हातोडी उचलली. “तीस वर्षं झाली या कामात. भिंत चुकली की मालक मिस्त्रीला धरतो, ठेकेदार मिस्त्रीला धरतो. पहिल्यांदाच कोणीतरी दुसऱ्याला धरलं.” मग तो मजुरांकडे वळला. “चला. माल अजून ओला आहे, आजच काढली तर विटा सुट्या निघतील. फोडू नका. वरून एकेक थर उतरवा.”

मुलाचा फोन अकरा वाजता आला. मी म्हटले, भिंत आता गुडघ्यापर्यंत उरली आहे, बोल. त्याने फोन ठेवला. दुपारी सूनबाई डबा घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसून उतरवलेल्या विटांचा माल खरवडू लागली.

“सोफेवाल्याला विचारलं मी,” ती वीट उलटत म्हणाली. “पाच जणांचाही येतो. सरळ. मोरपंखीच.”

“मग तोंड का एवढंसं?”

“सात जणांचा जास्त शोभला असता. पाहुणे आले तर बसतील कुठे?”

“पाहुणे उठून जातात, सूनबाई. त्यांच्यासाठी घर बेतत नाहीत.”

“तुमच्याशी बोलणं म्हणजे ना,” ती म्हणाली, आणि पुढची वीट घेतली.

नवी भिंत शुक्रवारी उभी राहू लागली. मिस्त्रीने दोरी बांधण्यापूर्वी मला विचारले, “दहा फूट एक इंच, आतून आत, बिनगिलाव्याचं. बरोबर?” मी म्हटले बरोबर. त्याने परत विचारले. मी परत बरोबर म्हटले, आणि त्याचे कान कुठे होते हे विचारले नाही. संध्याकाळी मुलगी आली तेव्हा चार थर झाले होते. ती या खेपेला दाराच्या जागेतून आत आली. माझ्याकडे टेप मागितली. चौथ्या भिंतीशी वाकून तिने खाटेचे साडेसहा फूट खडूने आखले, मग टेबलाचे तीन. उरलेली जागा बोटांनी मोजली. मी तोंडातून अवाक्षर काढले नाही. हे मला किती कठीण गेले असेल ते मला ओळखणाऱ्यांनी समजून घ्यावे.

“खिडकी जमिनीपासून किती वर येणार?” तिने मिस्त्रीला विचारले.

“तीन फूट.”

“अडीच करा. बसल्यावर बाहेर दिसलं पाहिजे.”

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले.

“माझ्याकडे काय बघता?” मी म्हणाले. “खोली तिची आहे.”

शनिवारी तिने घरमालकिणीला काय कळवले, ते मी विचारले नाही.

पुढचे सारे इतर घरांचे होते तसेच झाले. स्लॅब पडला, त्यावर वाफे करून पाणी तुंबवले, गिलावा झाला, फरशीवाल्याने दोनदा दगा दिला आणि तिसऱ्यांदा माझ्या घडीच्या खुर्चीसमोर निमूट फरशी बसवली. मुलगा माझ्याशी अकरा दिवस बोलला नाही. बाराव्या दिवशी त्याने न्हाणीघरात नळ कोणता बसवायचा ते विचारले, आणि मी जरूर नसताना त्याला दोन दुकाने फिरवली, म्हणजे बोलणे थोडे लांबावे.

राहायला गेलो त्या दिवशी ट्रक रिकामा होत होता. दुपारपर्यंत मुलीच्या खोलीत एक सुटकेस, दोन पंखे, नातवंडांची जुनी सायकल आणि व्यायामाचे एक यंत्र जाऊन बसले होते.

“हे काय?” मी मुलाला विचारले.

“तात्पुरतं गं. ताई संध्याकाळी येईल, तोवर.”

मी आयुष्यात जितकी घरे पाहिली त्यांत ‘तात्पुरतं’ याइतके टिकाऊ काही पाहिले नाही. मी सायकल स्वतः ढकलत अंगणात नेली. पाठोपाठ मुलगा सुटकेस घेऊन आला. मग तो पुन्हा आत गेला, व्यायामाचे यंत्र एकट्याने उचलले, घामाघूम होत जिन्यावरून वर नेले आणि वरून ओरडला, “ताईच्या खोलीचा पंखा फिरतोय का बघ गं कोणीतरी!” पंखा फिरत होता. मी तसे ओरडून सांगितले.

संध्याकाळी मुलगी चौदा खोक्यांसह आली. खाट बसली, टेबल बसले, शेजारी थोडी जागाही उरली. तिने कोणाची मदत घेतली नाही. आठ वाजता तिने दार लावून घेतले आणि आतून कडी घातल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

दुसरा दिवस रविवार. मला पडद्यांचे विचारायचे होते. दहाच्या सुमारास मी तिच्या खोलीपाशी गेले. दार बंद. दारावर टकटक करणे हा प्रकार मी आमच्या कुटुंबात कधी केलेला नाही. माझ्या पावलांचा आवाज पुरत असे. मी दारावर दोन बोटे वाजवली.

“कोण?”

“कोण म्हणजे? मी.”

“काय काम होतं?”

“पडद्यांचं विचारायचं होतं.”

“पाच मिनिटं थांब, आई. एवढं प्रकरण संपवते.”

मी थांबले. हॉलमधून सूनबाई चहाचे कप घेऊन जात होती, ती मला पाहून जागच्या जागी उभी राहिली.

“आई, तुम्ही बाहेर? उभ्या?”

“डोळे आहेत ना तुला?”

“मग सोफ्यावर बसा की. नवा कोरा आहे.”

“नको. तू जा. चहा निवतोय.”

ती गेली, पण कोपऱ्यावरून वळून पाहायची राहिली नाही. पाच मिनिटांची नऊ झाली. आतून एक पान उलटल्याचा आवाज आला, मग आणखी एक. मी दार पुन्हा वाजवले नाही आणि तिथून हललेही नाही.